नांगरलेलं जहाज, दाव्याची गाठ

पळसदरी,
ता. १४ ऑगस्ट १९४८

चिरंजीव सहदेव यास आजीचा आशीर्वाद.

आधी मी कोण ते सांगते, कारण तुला विसर पडला असणार. मी जयवंता, तुझ्या बापाची आई. घर कुडाचं, स्टेशनच्या खालच्या अंगाला. दारात म्हैस, नाव चांदी, रंग काळा. लहानपणी तू माझ्या हातची भाकरी खाल्ली आहेस. एवढ्यावरून काही आठवलं तर पत्र टाक. तुझं शेवटचं पत्र येऊन एक्केचाळीस दिवस झाले. दाराच्या मागं सुतळी टांगली आहे, तिला रोज एक गाठ मारते. आता सुतळी जमिनीला टेकली.

हे पत्र स्टेशनमास्तर अण्णांच्या पद्मजाबाई लिहितात. बाई भल्या आहेत. पण त्यांच्याच नवऱ्याने तुला इंग्रजी शिकवून त्या जहाजावर धाडलं, म्हणून त्यांनी लिहिलेलं मी तसंच पेटीत टाकत नाही. आधी स्टेशनवरच्या लडकू हमालाकडून वाचून घेते. लिहिणारा एक, वाचणारा दुसरा. दोघांची आपसात फारशी बोलाचाली नाही, हे बरं आहे. माझ्या तोंडच्या 'हाय'चं बाई 'आहे' करतात, तेवढं मी चालवून घेते. (चालवून घेत नाहीत, रोज बोलून दाखवतात. – पद्मजा)

आता मुद्द्याचं. अण्णा म्हणतात, तुमचं शाळेचं जहाज मुंबईच्या बंदरात एकवीस वर्षं एकाच जागी नांगरलेलं आहे. आमची चांदीही तळ्यात बसते, पण दिवस कलला की उठते तरी. जे जहाज कुठं जात नाही, त्यावर बसून कुठंतरी जायला कसं शिकवतात? शेजारची जना म्हणते, "काकू, शाळाबिळा काय नाय, पोराला फळ्या पुसायला नेलाय." आणि तूच मागे लिहिलं होतंस की सकाळी उठून डेक धुतो. डेक म्हणजे फळ्याच ना रं?

माझा भाऊ जैतू तुला ठाऊक नाही. नेरळला रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा ओढायचा, तिथून साहेबाच्या आगबोटीवर भट्टीला गेला. पहिल्या लढाईच्या साली. त्याला अक्षर येत नव्हतं, पण पत्रं यायची. 'मी सुखरूप आहे, आईने काळजी करू नये.' दोन वर्षं आली. मग लोधिवलीचा नामा त्याच बोटीवरून परत आला तेव्हा कळलं, जैतू पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेला होता. पाण्यात सोडला त्याला. आईचं मन मोडू नये म्हणून कुणी भला कारकून पत्रं लिहीत होता. आई ती पत्रं ऐकत ऐकतच गेली. सुखात गेली, असं लोक म्हणतात.

तेव्हापासून पत्र आलं की मी आधी त्याचा वास घेते. म्हणून तू लिही, आणि खरं लिही.

आजी

*

मुंबई बंदर,
ता. २७ ऑगस्ट १९४८

आजी,

विसरलो नाही. परीक्षा होती, आणि आळस होता. आळस जास्त होता.

जनाकाकीला सांग, फळ्या पुसतो हे खरं आहे. सगळेच पुसतात. माझ्या शेजारी बडोद्याच्या दिवाणाचा पुतण्या पुसतो, तो रडत पुसतो. मी हसत पुसतो, कारण मला गोठ्याची सवय आहे. जहाज जागेवर असतं हेही खरं, पण भरती-ओहोटीला ते दिवसातून चारदा तोंड फिरवतं. सकाळी खिडकीतून मुंबई दिसते, जेवताना पाहावं तर उरणचे डोंगर.

ते उभं का आहे ते सांगतो. जैतूआजोबांच्या वेळी आपल्या माणसाला बोटीवर दोनच जागा होत्या, फळ्यांवर खलाशी नाहीतर खाली भट्टीपाशी आगवाला. हुकूम देणारा साहेबच. आपल्या पुढाऱ्यांनी कौन्सिलात भांडून भांडून ही शाळा काढायला लावली. शाळेला इमारत नव्हती, म्हणून लढाईत वापरून झालेलं जुनं जहाज दिलं. पहिल्या वर्षी आलेली मुलं आज स्वतः जहाजं चालवतात. नंतर इंजिनाचा वर्ग निघाला, त्यात मी आहे. आता स्वराज्य आलंय तर म्हणतात, एवढ्याशा जहाजावर भागणार नाही. इंजिनाच्या मुलांसाठी किनाऱ्यावर मोठ्या शाळा होणार, मुंबईत आणि कलकत्त्यात. आमचे एक मास्तर म्हणतात, तुमच्या नातवंडांच्या वेळी दर्याचं अख्खं विद्यापीठ असेल. ते जेवण झाल्यावर असं बोलतात.

बाबांना एक सांग. नेरळच्या शेडमध्ये ते इंजिनाच्या पाइपावर पंजा ठेवून वाफ आहे की नाही ते सांगतात ना? मी इथे तसंच करतो. मुलं काटा बघत बसतात, मी हात ठेवून सांगतो. सगळे मला 'नेरळ मेल' म्हणतात.

मार्चमध्ये शेवटची परीक्षा. मग डॉक्टर तपासतो. दोन्हींत पास झालो की मी जैतूआजोबांच्याच भट्टीपाशी जाणार, पण साहेबाची टोपी घालून.

सहदेव

*

पळसदरी,
ता. ९ सप्टेंबर १९४८

चि. सहदेवास आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर कोंबडी उकिरड्यावरून गेल्यासारखं आहे, त्यामुळे लडकूला वाचायला खोपोलीची गाडी जाऊन परत येईतो वेळ लागला. मध्ये दोनदा उठून हमाली करून आला.

तोंड फिरवणं ही काही चाल नव्हे. जना मला बघून रोज तोंड फिरवते, ती कुठल्या गावाला पोचली? पण दिवाणाचा पुतण्या रडतो हे ऐकून बरं वाटलं. पुढच्या पत्रात तो किती वेळ रडतो ते लिही.

कोंडाजी शेडवरून आला तेव्हा त्याला पाइपाचं वाक्य ऐकवलं. माथेरानची गाडी पावसात बंद, इंजिनं सगळी उघडून पडलेली, अंगभर काजळी घेऊन आला होता. मग लडकूला म्हणाला, "परत वाच." तीनदा वाचून घेतलं. रात्री जेवताना उगाच हसला. तुझा बाप उगाच हसणारा माणूस नाही. तुझ्या शाळेच्या कागदावर अंगठा उठवताना त्याने दोनदा शाई लावली आणि दोनदा पुसली, हे तुला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

दिवाळीला ये. तेव्हा तुझं ते विद्यापीठ कशावर बांधणार ते समजावून सांग. पाण्यात पाया कसा धरतो, हे मला कळलेलं नाही.

आजी

*

मुंबई बंदर,
ता. १८ ऑक्टोबर १९४८

तीर्थस्वरूप आजीच्या चरणी सहदेवचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. अभ्यासाचा भार वाढल्यामुळे दिवाळीस येणे जमणार नाही, तरी क्षमा असावी. येथील हवा चांगली असून जेवणही सकस मिळते. तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. गावातील सर्व वडीलधाऱ्या मंडळींस नमस्कार सांगावा व लहानांस आशीर्वाद. काळजी नसावी.

आपला आज्ञाधारक नातू,
सहदेव

*

पळसदरी,
ता. २५ ऑक्टोबर १९४८

चि. सहदेवास,

तुझं पत्र पद्मजाबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "खुशाल आहे हो." एवढंच. मी लडकूकडे गेले. लडकूने ते एका दमात वाचलं, गाडीचा सिग्नलही पडला नव्हता. वाचून झाल्यावर तोच बावरला. म्हणाला, "आजी, मी कुटंच अडाकलो नाय. ह्ये काय सहदेवचं लिवणं नव्हं."

मला अक्षर कळत नाही, माणूस कळतो. या पत्रात म्हशीची विचारपूस नाही. दिवाणाच्या पुतण्याचं नाव नाही. कुणाला नावं ठेवलेली नाहीत. जेवण सकस मिळतं म्हणे. माझ्या नातवाने जन्मात कुठल्या जेवणाला बरं म्हटलेलं नाही, माझ्यासुद्धा. आणि हे 'काळजी नसावी'. जैतूच्या पत्रात शेवटी हेच असायचं. आई म्हणायची, "अक्षर बघ गं, कसं मोत्यावाणी." मेलेल्या माणसाचं अक्षर मोत्यासारखंच असतं, कारण ते त्याचं नसतं.

तर आता मला कागद नको. हात पाहिजे. सोबत हातभर सुतळी पाठवते. तिला आपल्या घरच्या दाव्याची गाठ मार आणि परत धाड. गावात दावी सगळ्यांची सारखीच, पण गुरं मिसळली की गाठ बघून घर ओळखतात, हे तू विसरला नसशील. तुला मी सहाव्या वर्षी शिकवली. कशी मारायची ते मी इथं सांगणार नाही. तू असशील तर तुला येईल.

कोंडाजीला यातलं काही बोलले नाही. तो दिवाळीला तू येशील म्हणून तुझी खाट विणून बसलाय.

आजी

*

मुंबई बंदर,
ता. ६ नोव्हेंबर १९४८

तीर्थस्वरूप आजीस सा. न.

आज्ञेप्रमाणे गाठ मारून पाठवीत आहे. अक्षराबद्दल शंका घेतलीत, तर येथे सुवाच्य लेखनाचा सराव करून घेतात. काळजी नसावी.

सहदेव

*

पळसदरी,
ता. १३ नोव्हेंबर १९४८

लिहिणारा जो कुणी असेल त्यास,

गाठ सुरेख आहे. घट्ट आहे, देखणी आहे. आमच्या घरची नाही.

आमच्या गाठीत दोन वेढे अंगठ्यावर घेतात, म्हणून तिच्या पोटात अंगठ्याएवढी जागा राहते. म्हशीने मान ओढली की ती जागा मिटते आणि गाठ बसते. तुझ्या गाठीच्या पोटात सुईसुद्धा जात नाही. तुला कुणीतरी तोंडाने सांगितलं आणि तू हाताने मारलीस, तुमच्या जहाजावर शिकवतात तशी. सांगणारा सहदेव होता, की त्याने पूर्वी कधी बोलण्यात सांगितलेलं तुला आठवलं, एवढंच मला कळत नाही.

बाबा, तू वाईट नसशील. जैतूची पत्रं लिहिणाराही वाईट नव्हता. पण माझी आई दोन वर्षं एका कारकुनाला मुलगा समजून आशीर्वाद देत होती. त्याच्यासाठी नवस बोलली, फेडलेसुद्धा. नामा परत आला त्या दिवशी मी तिची चिता आठवली आणि मला वाटलं, हिला फसवून जाळली.

मला तसं जगवू नकोस. मी सत्तरीला आले, वाईट ऐकायला काळीज घट्ट आहे. सहदेव असेल तर त्याचा हात धाड. नसेल तर तेवढं लिही. दोन ओळी पुरतील. लडकू वाचील.

जयवंता

(त्यांनी तीनदा विचारलं, "लिवलं का गं सगळं?" लिहिलं आहे. आता उत्तर लवकर पाठवा. – पद्मजा)

*

मुंबई बंदर,
ता. १८ नोव्हेंबर १९४८

आजींस साष्टांग नमस्कार.

मी गोपाळकृष्ण. सहदेवच्या शेजारच्या खाटेवर झोपतो. आपल्याला ठाऊक असलेला दिवाणाचा पुतण्या मीच.

दोन्ही पत्रं मी लिहिली, पहिली गाठही मी मारली. आपलं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्याने सुतळी मागितली. सोबतची गाठ त्याने, त्याच्या स्वतःच्या हाताने मारली आहे. मी बोट लावलेलं नाही. अधिक काही सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली आहे.

तो आहे, आजी. रोज मला शिव्या देतो.

आणि मी आता रडत नाही, हे आपण जनाकाकींनाही कळवावं.

गोपाळकृष्ण

*

पळसदरी,
ता. २६ नोव्हेंबर १९४८

सहदेवा,

गाठ आली. पोटात अंगठा गेला. तू आहेस. अर्धा दिवस मी एवढ्यावरच काढला, भात कांडायचा तसाच राहिला.

मग नीट बघितली. वेढे उलटे. सुट्या टोकाचं शेपूट आमच्या गाठीत उजव्या अंगाला पडतं, हिचं डावीकडे. आणि सुतळीच्या एका टोकाला दातांचे ठसे. दोन हात असलेला माणूस सुतळी दातात कशाला धरील? मी माझा उजवा हात कमरेला खोचला, टोक दातात धरलं आणि डाव्या हाताने मारून पाहिली. चार दात उरलेत, तरी जमलं. दोन्ही गाठी शेजारी ठेवल्या. जुळ्या.

म्हणजे तुझा उजवा हात नाही, किंवा कामाचा नाही. कुठलं ते लिही.

पुढचं ऐक. मी लडकूला गाठी दाखवल्या, तर तो खाली बघायला लागला. म्हणाला, "आजी, दसऱ्याच्या आदी कोंडाजीदादाच्या नावाचं विंग्रजी पाकीट आलं हुतं, शिक्क्याचं. मास्तरांनी खणात ठेवलंय. मला म्हनले, तू बगितलं नायस."

मी पद्मजाबाईंकडे आले. त्या नेहमीसारखा टाक घेऊन बसल्या. मी म्हटलं, "लिहा. पद्मजाबाईंनी माझ्यापासून पाकीट लपवलं." त्यांचा टाक थांबला.

"आजी, असं कसं लिहू?"

"मी सांगते तसं. तुमचं कामच ते."

"त्याने यांना वेगळं पत्र लिहून विनवलं होतं. बाबांना कळू देऊ नका म्हणून."

"तेही लिहा. आणि तुम्ही मला महिनाभर 'खुशाल आहे हो' म्हणालात, ते लिहा. एक अक्षर गाळू नका, लडकू तपासणार."

हे सगळं त्या लिहीत आहेत. कागदावर एक थेंब पडलाय तो शाईचा नाही, पण मी त्यावर काही बोलत नाही. (पडला आहे. चूक आमची आहे. – पद्मजा)

इंग्रजी पाकिटात काय आहे ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून पुष्कळ झालं. तू सांग. डाव्या हाताने लिही, वेडंवाकडं लिही. लडकूला अडखळू दे, त्याला अडखळताना ऐकलं की मला बरं वाटेल.

आजी

*

मुंबई बंदर,
ता. २० डिसेंबर १९४८

आजी,

हे डाव्या हाताचं आहे. चार दिवस लागले. लडकूकाकाला चहा पाज.

सप्टेंबरच्या अखेरीस इंजिनाच्या खोलीत मास्तरांनी विचारलं, या पाइपात वाफ आहे का? मुलं काटा शोधू लागली. मी नेरळ मेल. मी पुढे होऊन पंजा ठेवला, बाबांसारखा. वाफ होती. पाइपावरचं वेष्टण त्याच दिवशी काढलेलं होतं, ते मास्तर आधी ओरडून सांगत होते. मी ऐकलं नाही. तळवा गेला, अंगठ्याच्या मुळापर्यंत. दवाखान्यात दीड महिना होतो. जखम भरली, पण कातडं आवळलंय. अंगठा बोटांना टेकत नाही. पाना धरता येत नाही.

डॉक्टर म्हणतात, मार्चपर्यंत मूठ वळली तर ठीक. नाही वळली तर घरी. इंजिनाचे वर्ग पुढच्या वर्षी किनाऱ्यावर जाणार म्हणून सगळीकडे आनंद चाललाय. नव्या शाळेचा नकाशा भिंतीवर लावलाय, तो मी रोज बघतो. त्यात माझी जागा असेल की नाही, कळत नाही.

बाबांना सांगू नको. परत आलो तर चालेल, नांगर धरीन. पण माझा हात त्यांच्या सवयीने गेला हे त्यांना कळलं, तर ते पुन्हा शेडमध्ये पाइपाला हात लावायचे नाहीत. तूच लिहिलं होतंस ना, तीनदा वाचून घेतलं म्हणून.

सहदेव

*

पळसदरी,
ता. १० जानेवारी १९४९

चि. सहदेवास आजीचा आशीर्वाद.

लडकू तीन ठिकाणी अडखळला आणि एका ठिकाणी उठून गेला. चहा पाजला.

तू सांगू नको म्हणालास, मी सांगितलं नाही. मी फक्त विचारलं. कोंडाजी हातपाय धूत होता, मी म्हटलं, "काय रं, पाइपात वाफ हाय का नाय ते तू कसं वळखतोस?"

तो म्हणाला, "हाताची पाठ न्यायची जवळ. टेकवायची नाय. ऊब लांबूनच लागते. गार असंल तरच पंजा ठेवायचा."

"आधी पाठ?"

"आदी पाठच. तळव्याशिवाय खायाचं काय?" असं बोलला आणि थांबला. तांब्या तसाच हातात. माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "आये, हात कंचा?"

मी उजवा हात वर केला. झालं, मी काही बोलले नाही, तुझा शब्द मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः पाकीट घेऊन आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. कोंडाजीने पाकीट घेतलं, फोडलं नाही, वळचणीला खोचलं. अण्णांना म्हणाला, "मास्तर, बसा." अण्णा बसले. दोघंही बराच वेळ चांदीकडे बघत होते. चांदीला इतका मान कधी मिळाला नव्हता. अण्णांशी मी अजून बोलत नाही, पण त्यांच्या बायकोशी बोलते, कारण पत्र लिहायला दुसरं कोण आहे? (लडकूची बहीण ठकी पहिलीत बसली आहे, ती लिहायला शिकेतोवर माझी नोकरी आहे असं त्या म्हणतात. – पद्मजा)

मग कोंडाजी मला म्हणाला, "पोरानं लांबून बगितलं, पंजा तेवडा बगितला. पाठ न्यायची ती कुनाच्या ध्यानात येत नाय, लगेच हून जातं. मी त्याला बोलायला पायजे हुतं. मी कुटं बोलतो?" खरंच आहे. तू अर्धं शिकलास आणि त्याने अर्धं शिकवलं. चूक दोघांत वाटून घ्या, एकट्याने खाऊ नका. आणि तो आजही पाइपाला हात लावतो. सकाळच्या गाडीने नेरळला गेलाय.

या पत्रासोबत त्याने सुताचा गोळा दिलाय, शेडमध्ये इंजिन पुसतात त्यातला. म्हणतो, शेडमध्ये हात भाजलेला जो तो असाच बरा होतो. कोमट तेल लावून मुठीत धरायचा, दाबायचा, सोडायचा. रडू येईपर्यंत, आणि रडू आल्यावर आणखी थोडा वेळ. रडायचं कसं ते गोपाळकृष्णाला विचार, त्याचा हात बसलेला आहे. त्याला माझा आशीर्वाद सांग, आणि सांग की गाठ जरी चुकली तरी मुलगा चुकलेला नाही.

तुमचं विद्यापीठ व्हायचं तेव्हा होईल. पाण्यावर होवो की किनाऱ्यावर, मला त्यावर अजून भरवसा नाही. पण जेवणानंतर बोलणाऱ्या त्या मास्तरांना माझं एक सांग. एवढी पुस्तकं ठेवणार, तर पहिल्या दिवशी पोरांना उभं करून एवढंच शिकवा: आधी हाताची पाठ. जैतूला हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. शिकलेल्याने न शिकलेल्याला विचारायला लाज वाटत नसेल, तर शाळा टिकेल.

आता डॉक्टरचं. तो मार्चमध्ये बघणार, मी त्याआधी बघणार. माझा त्याच्यावरही विश्वास नाही. फेब्रुवारीत कुणी इकडे येणारं असलं तर त्याच्या हाती शेरभर सुक्या कोळंबीचे सोडे पाठव. बोंबील नकोत, मागच्या खेपेला वासानेच जना घरात येऊन बसली. सोडे कोरडे बघून घे, वरचे दाखवायचे असतात, खालचे हाताने उपसून बघ. उजव्या हाताने. कागदात बांध, वर फडकं, फडक्यावर सुतळी. आणि गाठ आपल्या घरची मार. टोक दातात धरायचं नाही. शेपूट उजव्या अंगाला आलं, तरच त्या सोड्यांचं कालवण करीन.

आजी